द्वितीय प्रत

बनशंकरी, बेंगळूरु
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मनस्विनी,

एकाच शहरात राहून मी तुला टपालाने पत्र पाठवतो आहे, याचे तुला नवल वाटेल. फोन करता आला असता. पण फोनवर आपण दोघे कन्नडमध्ये बोलतो. आईशी तू मराठी बोलतेस आणि माझ्याशी कन्नड. गेली बावीस वर्षे हे असेच चालले आहे आणि त्याचे कारण मी तुला कधी विचारलेले नाही, कारण ते मला ठाऊक आहे. आज जे सांगायचे आहे ते कन्नडमध्ये सांगायला घेतले असते, तर चार सफाईदार वाक्ये बोलून मी निसटलो असतो. मराठीत मला तसे निसटता येत नाही.

प्रथम आईची प्रकृती. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रियाही उत्तम झाली. दिवसातून चार वेळा मी थेंब घालतो आणि दर वेळी एखादा थेंब गालावर सांडतो म्हणून ती मला बोलून घेते. परवा सकाळी तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि म्हणाली, "अय्यो, ही कॉलर केव्हापासून उसवली आहे? इतके दिवस असेच फिरत होता काय?" शिंप्याची लेक, नवी दृष्टी आली ती आधी शिवणीवरच गेली. डॉक्टरांनी सोमवारपासून तिला वाचण्याची आणि संगणकासमोर बसण्याची परवानगी दिली आहे. सोमवारची ती वाट पाहते आहे. ती लिहीत असलेल्या आठवणींतला, तिच्या वडिलांच्या म्हणजे अण्णांच्या चिक्कपेटेतल्या दुकानाचा भाग अर्धाच राहिला आहे, तो आधी पुरा करणार, असे तिने मला आणि वरच्या मजल्यावरच्या संहितालाही सांगून ठेवले आहे. मनस्विनी, त्या दुकानाचा लिहून झालेला अर्धा भाग आता संगणकात नाही. तिने तीन वर्षे एका बोटाने टंकलेल्या एकशे चाळीस पृष्ठांपैकी एकही त्यात नाही. आणि तिला हे अजून ठाऊक नाही.

घडले ते असे. आपला संगणक मध्येच अडकून पडू लागला होता, आणि त्याच्या जुन्या कार्यप्रणालीला यापुढे सुरक्षा मिळणार नाही, अशी सूचनाही पडद्यावर येऊ लागली होती. संहिता मूळची नागपूरची, इथे एका कंपनीत संगणकाचेच काम करते. तुझ्या आईच्या हातच्या बिसीबेळेभातावर तिचा फार जीव. आईला पडद्यासमोर बसण्याची बंदी आहे, तोवर मी नवी प्रणाली घालून देते, असे ती आपणहून म्हणाली. शनिवारी, अठरा ऑक्टोबरला, ती सकाळीच आली. बसण्यापूर्वी तिने विचारले, "काकाजी, बॅकअप आहे न? मी पूर्ण डिस्क साफ करून टाकून राहिली, मग काहीच वापस येणार नाही." मी म्हणालो, आहे. तिने पुन्हा विचारले. मी कपाटातून माझी वही काढून तिच्यापुढे ठेवली. तिच्यात दर रविवारची तारीख, वेळ, पृष्ठसंख्या आणि 'द्वितीय प्रत केली' अशी नोंद आहे. तीन वर्षांत एकही रविवार चुकलेला नाही. तिने ती पाने चाळली, हसली आणि म्हणाली, "आमच्या ऑफिसात पण इतकं नीट कोणी ठेवत नाही." तरीही यंत्राने शेवटची संमती मागितली तेव्हा तिने मान वळवून तिसऱ्यांदा विचारलेच. मला ते रुचले नाही. मी म्हणालो, "संहिता, मी एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा तपासावी लागत नाही."

दुपारपर्यंत सर्व आटोपले. यंत्र क्षणार्धात सुरू झाले. संहिताने हात पुढे केला आणि म्हणाली, "द्या आता, काकूंच्या फायली टाकून देते." मी विचारले, काय द्यायचे? ती म्हणाली, बॅकअप. पेन ड्राइव्ह असेल, नाही तर वेगळी डिस्क. मी तिला शांतपणे समजावून सांगितले की तसले काही नाही. द्वितीय प्रत संगणकातच, दुसऱ्या विभागात, त्याच नावाच्या फोल्डरमध्ये आहे. तिचा हात तसाच राहिला. ती म्हणाली, "काकाजी... दोन्ही एकाच डिस्कवर?"

दागिन्यांची खरी पेटी आणि राखीव पेटी एकाच तिजोरीत ठेवून, किल्ली मात्र दर रविवारी नियमाने फिरवावी, तसे मी तीन वर्षे करत होतो. संहिताने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट मीच नीट पाहायला हवे होते, असे म्हणून ती रडली. ते मी तिला म्हणू दिले नाही. पुढचे चार दिवस ती कचेरीतून आल्यावर निरनिराळे उपाय करून पाहत होती. अखेर तिने ती डिस्क काढून यशवंतपुरातल्या तिच्या ओळखीच्या एका कार्यशाळेत नेली. जुन्या प्रकारच्या डिस्कवर पुसलेले पुष्कळ दिवस मागे राहते. या नव्या, वेगवान प्रकारात पुसलेले खरोखरच पुसले जाते, असे तिथल्या गृहस्थांनी सांगितले. दोन वर्षांपूर्वी हट्टाने ती वेगवान डिस्क बसवून घेतली तीही मीच.

आता जे लिहितो ते माझ्या लेखणीला जड जाते. गमावले ते नेमके काय होते, हे मला त्या चार दिवसांत कळले. मला ती पृष्ठे मुखोद्गत असायला हवी होती. दर रविवारी मीच ती वाचत होतो, सुधारत होतो आणि सुधारलेली जतन करत होतो. आईने आठवडाभर लिहिलेल्या मजकुरावरच मी काम करत असल्यामुळे तिचा मूळ मजकूर रविवारनंतर उरतच नसे. मी कागद घेऊन आठवायला बसलो, तेव्हा मला माझी वाक्ये आठवली. तिचे एकही आठवेना. 'माझे वडील अत्यंत कष्टाळू व निगर्वी होते', हे आठवले. त्या जागी तिने काय लिहिले होते? माझ्या सुधारणा वाचून ती नेहमी कन्नड होकार लावून "सरी, चांगले आहे" म्हणायची. एकदाच म्हणाली होती, "छान आहे हो. कोणा मोठ्या बाईने लिहिलेले दिसते." मी ती प्रशंसा समजलो. पहिल्या वर्षी ती आठवड्याला दीड पृष्ठ लिहीत असे, या वर्षी अर्धे. माझ्या वहीत पृष्ठसंख्या आहे, म्हणून हे मी खात्रीने सांगू शकतो. त्या घटत्या आकड्यांकडे पाहून मला तेव्हा काही विचारावेसे वाटले नाही.

मी असा का झालो, ते तुला कोणी सांगितलेले नाही. पंचाहत्तर साली पुण्याला चुलत्यांच्या व्याह्यांकडे लग्न होते. मी सव्वीस वर्षांचा, सरकारी मुद्रणालयात नुकताच कायम झालेला मुद्रितशोधक. पंगतीत मी वाढप्याला सहज म्हणालो, "स्वल्प भात घाला की." सगळी पंगत हसली. एका गृहस्थाने विचारले, "हे कानडी पाहुणे कोणाकडचे?" चारशे वर्षे आपल्या घराण्याने परक्या मुलखात जपलेली भाषा तिच्याच गावी हास्यास्पद ठरली, असे मला वाटले. परत आल्यावर मी पुस्तके मागवून परीक्षा दिल्या आणि माझे बोलणे असे घासूनपुसून घेतले की पुन्हा कोणाला हसता येऊ नये. त्यानंतर मी घरातल्या सर्वांचे घासायला घेतले. तू धारवाडच्या वसतिगृहातून पाठवलेली पत्रे लाल शाईने दुरुस्त करून मी तुला परत पाठवत असे. नऊ पत्रे. एका पत्रात तू लिहिले होतेस की ताप आहे आणि घरी यावेसे वाटते. तेही मी दुरुस्त केले, एकवीस चुका काढल्या आणि तुझ्या तापाविषयी एक ओळसुद्धा लिहिली नाही. दहावे पत्र आले नाही. मला वाटले, तू आळशी झालीस.

गेल्या आठवड्यात मी आईला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. कसल्याशा बातमीत एका अधिकाऱ्याच्या पोशाखाचा उल्लेख आला आणि ती हसू लागली. म्हणाली, "आमच्या अमलदारांच्या कोटासारखे झाले! मनीने ते वाचले, किती आवडले तिला. फोनवर हसून हसून तिला ठसका लागला." मी विचारले, कसला कोट? तिने सांगितले. आठ वर्षांची असताना तिने दुकानात अमलदारसाहेबांच्या कोटाची काजे उलट्या बाजूला केली. अण्णांनी तिला रागे न भरता, ही मैसूरच्या राजवाड्याकडची नवी तऱ्हा आहे, असे सांगून तो कोट साहेबांच्या अंगावर चढवला आणि त्या महिन्यात आणखी तिघे जण तशाच कोटासाठी आले. मीही हसलो. मग हसू थांबले. दुकानाच्या भागातून हा प्रसंग मी 'अप्रस्तुत' म्हणून एका रविवारी काढून टाकला होता. माझ्या प्रतीत तो नव्हता. मग तो तू कुठे वाचलास?

तेव्हा मला आठवले की शनिवारी दुपारी ती मोबाईल पडद्यासमोर धरून उभी असे. अक्षर मोठे करून पाहत असेल, असे मी समजत होतो. दर शनिवारी, मी हात लावण्याच्या आदल्या दिवशी, ती त्या पृष्ठांची छायाचित्रे तुला पाठवत होती, असा माझा तर्क आहे. मला न सांगता. संहिता म्हणते, प्रत नेहमी दुसऱ्या घरात असावी. तुझ्या आईला हे तिच्याआधी कळले होते, आणि प्रत कोणापासून वाचवायची, हेही. तिचा मोबाईल दिवसभर माझ्याच हाताशी असतो. तो उघडून खात्री करून घेता आली असती. पण तिला न विचारता तिच्या मजकुरात मी इतकी वर्षे शिरलो, तेवढे पुरे झाले.

हे पत्र लिहिण्याचे कारण आता सांगतो. ती शनिवारची पृष्ठे तुझ्याकडे असतील तर सोमवारपूर्वी आईला आणून दे. मला नको, तिच्या हातात दे. मला दाखवायची की नाही, ते ती ठरवील. नाही दाखवली तरी माझी तक्रार नसेल. तुझे उत्तर येईपर्यंत मात्र मी थांबणार नाही. पत्र पेटीत टाकून घरी गेलो की लगेच मी तिला सर्व सांगणार आहे. पृष्ठे सुरक्षित आहेत हे कळल्यावर सांगितले, तर माझ्या कबुलीला काही किंमत राहणार नाही. पंचवीस दिवस गप्प राहून ती आधीच पुष्कळ उतरली आहे. आणि समज, तू ती पृष्ठे ठेवलेली नसलीस, माझा तर्क चुकलेला असला, तरीही ये. ती बहुधा रडणार नाही. "सरी, जाऊ दे" म्हणेल आणि आत निघून जाईल. त्या वेळी तिच्याशी अण्णांच्या दुकानातल्या मराठीत बोलणारे कोणी तरी घरात हवे, आणि ती मला आता बोलता येत नाही.

तुझ्या उत्तराची नव्हे, तुझीच वाट पाहणारा,
तुझाच,
अप्पा