फुगडी मावत नाही

३ ऑगस्ट, रविवार
थोरली जाऊ प्रभादेवीहून जेवायला आली. मुलाकडे लिफ्टच्या घरात गेल्यापासून घोडपदेवच्या आमच्या जिन्याला नावं ठेवते. आल्या आल्या धापा. मी म्हटलं, "अक्का, जिन्यात ही गत, गौरीला फुगडी कशी घालणार?"
पेटली. "त्या वर्सा आधी कोण बसला? तू! सगळ्या गावान बघल्यान."
साफ खोटं. गौरीच्या जागराला पहाटेची शेवटची फुगडी आम्हा दोघींची. बाकीच्या दमून भिंतीला टेकलेल्या. आधी ती बसली. तेव्हापासून हेच चाललंय. ती म्हणते "तू", मी म्हणते "तुम्ही". भांडण आहे, पण मान राखून.
आज पैज लागली. हरेल ती यंदा गावी गौरीच्या दिवशी चुलीपाशी बसून सगळ्या घराचे वडे तळणार. जिंकेल ती अंगणात नाचणार. आमच्या घरचे वडे म्हणजे पंगतीवर पंगत. तळायला बसली ती बाई संपली. बाहेर फुगड्या चाललेल्या ऐकायच्या आणि झारा हलवायचा.
मी लगेच हो म्हटलं. माझ्याकडे पुरावा आहे. धाकट्या भावजींनी त्या वर्षी कॅमेऱ्याने सगळा जागर काढला होता. डिस्क माझ्याकडे दिलेली. थोरलीला हे आठवत नव्हतं. तोंड बघण्यासारखं झालं. दुसरा पापड घेतला नाही.

४ ऑगस्ट, सोमवार
डिस्क सापडली. पैठणीच्या घडीत होती. आता लावायची कशावर? डिस्कचं मशीन संतोषने मागेच भंगारवाल्याला घातलं. नव्या टीव्हीला पाठीमागे नुसती भोकं. संतोषच्या बायकोला, रूपालीला विचारलं. म्हणाली, "आई, डिस्क आता कोण वापरतं? ती हार्ड ड्राइव्हवर कॉपी करू आणि ड्राइव्ह टीव्हीला लावू." ड्राइव्ह म्हणजे संतोषचा तो काळा डबा, पानाच्या चंचीएवढा. त्यात फोटो ठेवतो.
कर म्हटलं. कपडे मी वाळत घालते.

६ ऑगस्ट, बुध.
रू.ने ऑफिसातून डिस्क वाचायचं यंत्र आणलं. लॅपटॉपला जोडून आधी नुसती लावून बघितली. गचके! भावजींचं तोंड अर्धं येतं आणि थिजतं. डिस्क म्हातारी झालीय म्हणे. कॉपी करताना यंत्र तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतं, म्हणून कॉपी नीट होईल. लॅपटॉप ऑफिसचा, त्यात घरचं काही ठेवायचं नाही असा नियम. थेट काळ्या डब्यात घालायचं.
लावली. हिरवी पट्टी सरकत सरकत जवळजवळ टोकाला गेली. मी देवाला साखर ठेवायला उठले आणि रू. म्हणाली, "थांबली."
टोकाला! पहाटेची फुगडी टोकालाच आहे.

७ ऑगस्ट, गुरु.
पुन्हा कॉपी केली. परत तिथेच थांबली. डबा भरला असेल म्हटलं, तर रू. म्हणते अर्ध्याहून जास्त मोकळा आहे. मग कशाला अडतोय मेला?
मला एकच माणूस दिसतं. डिस्कला ओरखडा कुणी पाडला? रविवारी मी कढी ढवळत होते तेव्हा थोरली कपाटापाशी पदर सारखा करत होती.
फोन करून विचारलं. म्हणाली, "माका डिस्क खय ठेवलंस ताच म्हायत नाय, ओरखडो कसो पाडू? तूच पाडलं असशीत. हरूचा भ्या!"
ह्यांना विचारलं, तुम्ही होतात ना जागराला, कोण बसलं आधी? पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मी भजनात होतो." लग्नाला एवढी वर्षं झाली, हा माणूस कुठल्याही भांडणाच्या वेळी भजनातच असतो.

१० ऑगस्ट, रवि.
डिस्क कापसाने पुसली, आतून बाहेर, गोल नाही. रू.ने शिकवलं. तरी तिथेच अडली. मग रू.ने संतोषच्या बारशाची… नाही, लग्नाची डिस्क घातली. ती आख्खी गेली. लग्न छोटं, जागर मोठा.
तेव्हा रू.ची ट्यूब पेटली. ऑफिसातल्या मैत्रिणीला विचारून खात्री केली. डबा जुन्या पद्धतीने आखलेला आहे. त्यात कितीही जागा असो, एक फाईल चार जीबीच्या वर घेत नाही. आमची फाईल चारच्या जराशी वर. ते जरासं म्हणजे पहाट.
मी म्हटलं, म्हणजे थोरलीचं कपाट. चाळीत आणलं तेव्हा खोली रिकामी होती, पण जिन्याच्या वळणावर कपाट वळेना. खोलीचा काय दोष.
रू. हसली. "तसंच. एक तर कपाट सुटं करायचं, नाहीतर जिना मोठा करायचा."
सुटं करायचं ठरलं. थोरलीचं कपाटही शेवटी सुटंच करून चढवलेलं. त्याचं एक दार अजून लागत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळ. संकष्टी
दोन तुकडे झाले. एक मोठा, एक शेपटाएवढा. दोन्ही गेले. थोरलीला बोलावलं. उपासाची होती, साबुदाण्याची खिचडी माझ्याकडेच खाल्ली, मीठ कमी म्हणाली आणि परत मागून घेतली.
टीव्हीवर लागलं. काय सांगू. आमचं अंगण! सासूबाई माडाला टेकून बसलेल्या, तोंडात पान. आम्ही सगळ्या नऊवारीत, कमरा बारीक. थोरली म्हणाली, "गो बाय, मी एवढी बरी दिसय?" मी म्हटलं अंधार होता. भावजी मध्येच कॅमेरा कुणाकडे तरी देऊन स्वतः नाचायला आले, बायकांच्या घोळक्यात एकटे, आणि धोतरात पाय अडकून तुळशीपाशी पडले. ते आम्ही चारदा लावलं. हे पण पेपर ठेवून बघत होते. भजनात कुठेच दिसले नाहीत. माडाखाली झोपलेले दिसले.
मग पहाट. आम्ही दोघी. हातात हात, पाय जुळवलेले, मागे झुकलेल्या. काय वेग! मलाच घेरी आली बघून. फू फू फू फू आणि—
काळं.
पहिला तुकडा संपला. रू.ने दुसरा लावला. त्यात दोघी जमिनीवर. बसून हसतोय.
मधलं गेलं! सांध्यात तेवढंच गळलं म्हणे. एवढ्या मोठ्या रात्रीत मेल्याला तिथेच कापायचं होतं.
थोरली म्हणाली, "तू कापूक लावलंस." मी म्हटलं तुमची सून नाही ती, माझी आहे, ती माझंही ऐकत नाही.

१४ ऑगस्ट, गुरु.
आता जिनाच मोठा करायचा. डबा पुसून नव्याने आखायचा. मग कितीही मोठी फाईल मावते. पण पुसला की आतलं सगळं जातं, संतोषचे फोटो धरून.
संतोष बसला अडून. "दोन म्हाताऱ्यांच्या फुगडीसाठी माझ्या पोरीचे फोटो घालवू?"
मी म्हटलं, "पोरगी इथे आहे की. परत काढ."
रू.ने मार्ग काढला. फोटो आधी दुसरीकडे उतरवायचे, मग डबा पुसायचा. दुसरीकडे म्हणजे कुठे? मोठा कॉम्प्युटर आमच्यात एकाकडेच. थोरलीच्या मुलाकडे. प्रभादेवी.
म्हणजे डबा शत्रूच्या घरी.
संतोष म्हणाला डिस्क पण घेऊन जा, तिथेच काय ती कॉपी करा. शहाणाच आहे. डिस्क मी तांदळाच्या डब्यात घातली. काळा डबा तिच्याकडे जाईल, डिस्क माझ्याकडे राहील. लबाडी करायची तर दोघींना मिळून करावी लागेल, आणि तेवढं आमचं जमत असतं तर पैज कशाला लागली असती.

१७ ऑगस्ट, रवि.
काल दहीहंडीचे ट्रक, रस्ते बंद. आज गेलो प्रभादेवीला. मी आणि रू. थोरलीने शिरा केलेला. चांगला होता. मी बरा आहे म्हटलं.
तिच्या मुलाने फोटो उतरवले. मग रू.ने एकेक उघडून दाखवायला सांगितलं, नुसती नावं नकोत म्हणाली. बारसं, दात, पहिला फ्रॉक, सगळं आलं होतं. संतोषला फोनवर दाखवलं तेव्हा तो हो म्हणाला. मग पुसला. क्षणात रिकामा. थोरली हळूच म्हणाली, "असा डोक्याचा करूक येता काय गो?" मी म्हटलं तुमच्या डोक्यात पुसायला आहे काय.
निघताना अर्धा शिरा डब्यात घालून दिलान. वर म्हणाली, वडे तळायच्या आधी खाऊन घे, ताकद येईल.

१९ ऑगस्ट, मंगळ.
रू.ने ऑफिसचं यंत्र परत आणलं. तांदळातून डिस्क काढली, पुसली. लावली. पट्टी त्या जागी आली तेव्हा मी पोळपाट सोडून उभी राहिले. पट्टी त्या जागेवरून पुढे गेली! गेली ती टोकाला लागली. आख्खी. एकच फाईल.
नाचावंसं वाटलं. पोळी करपली.
रू.ला शपथ घातली, थोरली येईपर्यंत बघायचं नाही. मीही नाही बघितलं. बघावंसं फार वाटलं. उगाच खोटं कशाला लिहू.

२१ ऑगस्ट, गुरु.
लिहिते.
थोरली आली. टीव्हीला डबा लावला. रू.ने थेट पहाट काढली. फू फू फू फू. काळं झालं नाही. पुढे गेलं.
मी बसले. आधी मी. स्वच्छ दिसतं. आपटलेच म्हणा. ती माझ्या मागून.
थोरली ओरडली ती शेजारच्या खोलीतून माणसं आली. टाळ्या काय, कंबर हलवणं काय. मी मनात म्हटलं गेला आपला नाच.
तेवढ्यात हे, होय हेच, पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "परत लाव. ती बसली नाही. तिचा हात सुटला."
परत लावलं. खरंच की! बसायच्या आधी हात सुटलाय. फुगडीत हात सुटला की मागे झुकलेला माणूस आपटणारच. म्हणजे बसले ती मी, पण सोडला कुणी?
"तुम्ही सोडलात!"
"तुझोच हात निसाटलो. घामान!"
रू.ने सावकाश लावलं. एकेक चित्र. हात जवळ आले, आणखी जवळ, आणि नेमका त्याच वेळी थोरलीचा पदर उडून मध्ये आला. पदर खाली येतो तेव्हा हात सुटलेले. परत मागे घेतलं. परत पदर. डबा सगळं घेतो आता, पण पदरामागचं कुठून आणणार?
आम्ही इतक्या हसलो की थोरलीला ठसका लागला. पाठीत मीच चापट्या मारल्या. एक जरा जोरात.

२३ ऑगस्ट, शनि.
परवा निघायचं. गाठोडी बांधून झाली. संतोषचे फोटो डब्यात परत आले, जागर पण त्यातच. गावी सगळ्यांना दाखवायचा. भावजींची तुळशीपाशी पडलेली चित्रं गावच्या टीव्हीवर आधी लावणार, त्यांना न सांगता.
थोरलीचा फोन. म्हणाली, निकाल लागूक नाय. अंगणातच परत घालू, पदर खोचून. मी म्हटलं घालू. दोघींनी मोकळं राहायचं म्हणजे.
रू. बाजूला उभी राहून ऐकत होती. "म्हणजे वडे कोण तळणार?"
मी तिच्याकडे बघितलं. 
"आई, माझ्याकडे बघू नका. मी यंदा नाचणार. फुगडी शिकलेय, आधी त्या तुकड्यांवरून, मग आख्ख्या फाईलीवरून. रोज एकेक चित्र थांबवून."
कधी? मला कळलंच नाही. गॅलरीत पायाचा आवाज यायचा तो हिचा तर.
ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मी तो खाली ओढला. म्हटलं, यंदा भजन नाही.
म्हणाले, "झारा कुठल्या हातात धरायचा?"
हे हो आहे की नाही, अजून समजलेलं नाही. पीठ मात्र जास्त घेतलंय.