मामांचा बी-रोल

बुधवार, १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज सकाळी गॅसचा सिलिंडर आला. नंतर नळवाला वॉशर बदलून गेला. दुपारी झोपलो नाही. तुझा नवा चष्मा आला का? दाजींचा गुडघा कसा आहे? (गोळ्या घेतात, की नुसत्या उशाशी ठेवतात?) मी बरा आहे.

तुझे चिरंजीव रविवारी कॅमेरा घेऊन आले होते. हिच्या शाळेत हिच्या आठवणींचा कार्यक्रम आहे आणि त्यासाठी छोटी फिल्म करायची आहे, हे तुला ठाऊक आहेच. मला खुर्चीत बसवून तो म्हणाला, "मामा, मामीबद्दल बोला." मी म्हणालो, "चांगली होती." तो वाट बघत राहिला. मीही बघत राहिलो. शेवटी कॅमेरा बंद करून त्याने समजावलं, की माणूस बोलतो तो ए-रोल, म्हणजे मुख्य चित्रण. आणि त्याचं बोलणं मधे कापलेलं कळू नये म्हणून वरून हात, खिडक्या, कपबश्या दाखवतात तो बी-रोल. माझा ए-रोल दोन शब्दांत आटोपल्यामुळे सगळी भिस्त बी-रोलवर आली.

तिथून माझे हाल सुरू झाले. "खिडकीतून बाहेर बघा, पण सहज." मी सहज बघितलं. "असं नको हो मामा, दूधवाल्याची वाट बघताय असं वाटतंय." पुन्हा बघितलं, पुन्हा बघितलं, तेव्हा समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी विचारलं, "काही पडलंय का खाली?" मग हिच्या कुंड्यांना पाणी घालायला लावलं. उजेड गेला म्हणून परत, त्याचीच सावली पडली म्हणून परत. (ही असती तर कॅमेऱ्यासकट दोघांना बाहेर काढलं असतं. मुळं कुजतात.) शेवटी टेबलावरच्या मामीच्या चष्म्याकडे टक लावून बघायला सांगितलं. चष्मा माझाच होता. पण शॉट चांगला आला म्हणून त्याने तो ठेवला आहे, शाळेत काही बोलू नकोस.

कॅमेरा दिसला की ही उठून दुसऱ्या खोलीत जायची. त्यामुळे फिल्ममध्ये हिचे फोटोच आहेत. बाकी फिल्म ठीक झाली आहे.

दाजींना नमस्कार सांग. तब्येतीला जप.

तुझा,
भाऊ

ता. क. तुझ्या साठीला त्याने तुझी मुलाखत घेतली होती, तिचे खराब निघालेले तुकडे फिल्मसाठी शोधाशोध करताना त्याच्या हाती लागले. एकात तू आपल्या लहानपणाबद्दल सांगते आहेस आणि तुझ्या मागे ही कपाट उघडते, उचकापाचक करते आणि "कात्री कुठे ठेवलीत हो?" म्हणून मला विचारते. तू चिडून मागे बघतेस. तिथे तुकडा संपतो. "हे वाया गेलेलं आहे, मामा. डिस्क भरलीये, महिनाअखेर पुसून टाकतो," असं तो म्हणाला आणि मी मान हलवली. नंतर फोन करायला दोनदा उठलो, पण जमलं नाही. त्याला तू सांगशील का?

आणखी एक. तू त्यात छान बोलली आहेस. पण तुझा आवाज बंद करता येत असेल तर तेही विचार.

दोरीवरचे कपडे वाळलेत. काढून घड्या घालतो.