फेअरवेलचा फोटो

१२ जानेवारी, शनिवार

बस आजही आली नाही. नव्या रायपूरला रिकाम्या बसेस फिरवतात, रुंद रस्त्यांची शोभा म्हणून. आणि शंकर नगरहून बीरगावला जाणाऱ्यांनी शेअर ऑटोत परक्याची कोबी मांडीवर घेऊन बसायचं. शाळेत पोचेस्तोवर पांढऱ्या ब्लाउजचा गळा राखाडी. कारखान्यांची मेहेरबानी.

बारावीचं फेअरवेल ९ फेब्रुवारीला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी (यापुढे प्रि., शाई वाचेल) सगळं माझ्या गळ्यात घातलं. "मॅडम, आप कॉन्व्हेंट की हैं, आपका टेस्ट है." कॉन्व्हेंटमधून निवृत्त होऊन यंदा इथे इंग्रजी शिकवायला आले, त्याचं हे फळ. टेस्ट आहे म्हणून तर त्यांच्या टायकडे बघवत नाही. मागच्या वर्षी मुली टिकल्यांचे लेहंगे घालून आल्या होत्या म्हणे, एकीच्या केसांत दिवे लुकलुकत होते. यंदा माझा नियम : मुलींनी साडी, मुलांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट. वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझ्या नियमाला टाळ्या पडलेल्या आयुष्यात प्रथम ऐकल्या.

मागच्या बाकावरून खिलेश्वरी साहू उठली. "मॅडम, यूनिफॉर्म में आ सकते हैं?"

म्हटलं, फेअरवेल आहे, प्रार्थना नाही. बसली.

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वहिनीने केलेला तिळगूळ शाळेत नेला. गोड बोलायचं असतं, असं हिंदीत समजावून सांगितलं. अकरावीचा टिकेश म्हणाला, "मॅडम, पहले आप खाइए." वर्ग हसला. मीही, पण फळ्याकडे तोंड करून.

अकरावीने बारावीतल्या प्रत्येकाला एकेक 'टायटल' द्यायचं, ही इथली पद्धत. कोणी दुखावू नये म्हणून यंदा टायटलं माझ्याकडून पास करून घ्यायची आहेत. एका लठ्ठ मुलाला 'चलता-फिरता गोदाम'. खोडलं. तोच मुलगा तक्रार घेऊन आला, "रहने दीजिए ना मॅडम, मैंने खुद लिखवाया है." आता कोणाची दया करावी?

शेवटचे दिवस आले की बारावीची मुलं फार लाडकी होतात. जे वर्षभर खिडकीबाहेर बघत होते ते आता फळा पुसून ठेवतात.

१९ जानेवारी, शनिवार

राग राग झाला.

आभाराचं इंग्रजी भाषण खिलेश्वरीने करावं असं मी ठरवलं होतं. बायोलॉजीत पहिली, इंग्रजीतही वाक्य पूर्ण करणारी एकटी. बोलावून सांगितलं. तर म्हणते, "मॅडम, मैं फेयरवेल में नहीं आऊँगी."

का? वहीचा कोपरा दुमडला. बरं नाही का? परत सरळ केला. मी म्हटलं, इतनी अकड़ अच्छी नहीं. "हव मॅडम," म्हणाली आणि गेली. यांचं हे 'हव' म्हणजे हो. पण तिच्या तोंडी ते दार लावल्यासारखं लागलं.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. वहिनी अमरावतीची, दादा गेल्यापासून आम्ही दोघीच. वाटाणे सोलता सोलता म्हणाली, "तू काहून जीव जाळून राहिली मालू? पोट्टीकडे साडी नसंन."

तेही असेल. पण मग विचारायचं ना. माझी दिली असती.

२३ जानेवारी, बुधवार

साडी नसण्याचा प्रश्नच नाही. उलटं आहे सगळं.

फोटोग्राफर ठरवायला शाळेमागच्या स्टुडिओत गेले. भिंतभर मुलींचे फोटो, सगळ्या साडीत, मागे एकच तलाव आणि एकच कमळ. दोन चेहरे ओळखीचे. आमच्याच शाळेच्या, मागच्या बॅचच्या आधीच्या.

"फेयरवेल के हैं मॅडम," मालक कौतुकाने म्हणाला. "ग्रुप में से काटके पीछे तालाब डाल दिया. रिश्ते के लिए यही फोटो चलती है. लड़की पहली बार साड़ी पहनती है, फ्रेश लगती है."

रिश्त्यासाठी. म्हणजे स्थळांकडे पाठवायला.

"पिछले साल लहंगे के चक्कर में सीज़न बैठ गया. पार्टी बोलती थी, लड़की बहुत मॉडर्न है. इस साल आपने साड़ी कर दी, तो मम्मी लोग अभी से बोल के जा रही हैं. आपकी कृपा है मॅडम."

माझी कृपा! मी चांगल्या अभिरुचीसाठी नियम केला आणि बीरगावात लग्नाचा बाजार उघडून दिला. चहा पाजत होता. घेतला नाही.

२४ जानेवारी, गुरुवार

मधल्या सुट्टीत खिलेश्वरीला लायब्ररीत गाठलं. स्टुडिओत गेले होते, एवढंच म्हटलं. ती एकदम बोलायला लागली. भाटापाऱ्याच्या बुआने, म्हणजे आत्याने, एक स्थळ आणलं आहे. ती मंडळी दिवाळीपासून फोटो मागताहेत. हिच्याकडे आहेत ते सगळे दोन वेण्यांचे, पासपोर्टचे.

"मेरी साड़ी में एक भी फोटो नहीं है मॅडम. इसीलिए बची हुई हूँ."

तिला अॅग्रिकल्चर कॉलेजात जायचं आहे. बाबूजी रोलिंग मिलमध्ये. ते म्हणतात, "खेत छोड़के फैक्टरी आए, और तू पढ़-लिखके वापस खेत जाएगी?" हे सांगताना तिला हसू आलं. मलाही. हसण्यासारखं काही नव्हतं.

तडक बारावीच्या वर्गात गेले. साडी रद्द, सगळ्यांनी युनिफॉर्म. भडका. "मॅडम, मम्मी ने ब्लाउज़ सिलवा लिया!" "मॅडम, मैंने मेहंदी वाली को बोल दिया!" शेवटी प्रीती नावाची धिटुकली उभी राहिली : "मॅडम, मुझे तो फोटो चाहिए. मेरी शादी तय होगी तभी दीदी मायके आएगी."

प्रि.चं मत : नियम एकदा लागला की लागला. हा गृहस्थ एरवी स्वतःचं टाइमटेबल पाळत नाही.

साडी कायम. हरले.

२५ जानेवारी, शुक्रवार

वहिनीकडे सहानुभूतीसाठी गेले, हीच चूक. "माझं लगन फोटोवरच झालं ना," म्हणाली. "मामीची साडी नेसून काढला होता. त्यात मी हसून राहिली होती. तुझ्या दादानं तेच पाह्यलं."

"आणि नसता पाहिला तर?"

"तर दुसऱ्या कोणी पाह्यला असता. तुले काय वाटते, मी कलेक्टर झाली असती?"

वाटतं. या बाईने घर चालवलं ते बघता नक्की वाटतं. पण तिने डोळ्यांना पदर लावला होता. दादाची आठवण. मग दोघींनी साटोऱ्यांचा रवा भाजला. चांगला झाला.

३० जानेवारी, बुधवार

खिलेश्वरीची आई शाळेत आली. लहानखुरी, नीटनेटकी, माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, तुम्ही सांगा तिला साडी नेसून यायला. "आपसे डरती है. हमसे तो डरती नहीं."

मी सरळ सांगितलं, सांगणार नाही. मुलगी हुशार आहे, फोटो बुआला नाही, परीक्षेच्या अर्जाला लावा. जरा जास्तच चढ्या आवाजात. तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे :

"मॅडम, आपकी शादी नहीं हुई?"

"नाही. केली नाही."

"तो आपको कौन देखता है?"

"पेन्शन."

ती विचारात पडली. खरंच विचारात. प्यून घंटा देऊन गेला तरी बसून होती. "खेती वाली पढ़ाई में नौकरी लगती है?" लागते म्हटलं. कोणाला, कुठे, सगळं सांगितलं, माझे दोन विद्यार्थी त्याच खात्यात आहेत. उठताना म्हणाली, "सोचेंगे. पर फोटो तो देना पड़ेगा मॅडम, नन्द को ज़बान दी है."

वाईट बाई नाही. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

३ फेब्रुवारी, रविवार

भाच्याचा, छे, पुतण्याचा (वय झालं) नव्या रायपूरचा फ्लॅट पाहायला गेलो. मंत्रालयात आहे तो. वहिनी मराठीत विचारते, चिरंजीव हिंदीत उत्तर देतात. रस्ते असे की विमान उतरावं, आणि पत्ता विचारायला माणूस नाही. फ्लॅट हवेशीर. सून गुणी, फराळ चवीचा. आईला म्हणाला, "मम्मी, इधर ही आ जाओ ना." वहिनी म्हणाली, "इथं भांडायला शेजारीण कुठं आहे?" परतताना गाडीत झोपली, डोकं माझ्या खांद्यावर. बरं वाटलं.

५ फेब्रुवारी, मंगळवार

एक डाव टाकला आहे. बायोलॉजीचे पटेल सर सज्जन आहेत. त्यांना म्हटलं, बायोवाल्यांचं राहिलेलं प्रॅक्टिकल ९ तारखेलाच सकाळी घ्या. म्हणजे त्या मुली युनिफॉर्मात येतील आणि फेअरवेलपर्यंत घरी जाऊन साडी नेसायला वेळच उरणार नाही. पटेल सर म्हणाले, "उस दिन क्यों मॅडम?" म्हटलं, मुलांचं लक्ष अशा दिवशी चांगलं असतं. पटलं त्यांना. विज्ञानाचा माणूस!

खिलेश्वरी भाषण करायला तयार झाली.

९ फेब्रुवारी, शनिवार

डाव फसला. आणि नाहीही.

प्रॅक्टिकल संपलं तर लॅबच्या दाराशी आया उभ्या, पिशव्यांत साड्या घेऊन. मी बीरगावच्या आयांना काय समजले होते! केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पडदा लावून धडाधड साड्या नेसवल्या. खिलेश्वरीची आई सगळ्यांत पुढे, तोंडात सेफ्टी पिना धरून. मुलगी बाहेर आली ती हिरव्या साडीत. सुंदर दिसत होती, हे लिहायलाच हवं. आणि रडवेली.

स्टुडिओवाला कॅमेरा घेऊन तयार. "आओ बेटा, इधर, लाइट में."

ती थांबली. परत लॅबमध्ये गेली आणि प्रॅक्टिकलचा पांढरा एप्रन साडीवर चढवून आली. वरपासून खालपर्यंत बटणं लावलेली, खिशावर लाल डाग, पदराचं फक्त टोक बाहेर.

"ये क्या है?" आई.

"ठंड लग रही है."

दुपारचं रायपूर, मैदानात शामियाना, मी पदराने वारा घेत होते. बायोच्या बाकीच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांनाही थंडी वाजायला लागली. एकामागून एक एप्रन. प्रीती सोडून; ती तलाव-कमळासाठी मान वाकडी करून उभी होती, शुभेच्छा तिला.

भाषण छान झालं. एकदा अडखळली, माझ्याकडे पाहिलं, मी भुवया उंचावल्या, पुढे गेली. टायटलांमध्ये टिकेशने मलाही एक दिलं, ते माझ्याकडून पास न करता : 'कर्फ्यू मॅडम'. मी यायच्या आधीच वर्ग चिडीचूप होतो म्हणून. प्रि. घाबरून माझ्याकडे बघत होते. कागदी पट्टा गळ्यात घालून घेतला. घरी येईपर्यंत काढला नाही, ऑटोवाल्याने पण वाचला.

मग शेवटी ते. स्टुडिओवाला खिलेश्वरीच्या आईला समजावत होता, काळजी नको, कंप्यूटरवर एप्रन काढून टाकतो, दुसऱ्या साडीवर चेहरा बसवतो, कोणाला कळणार नाही. मी पुढे होऊन त्याला झाडणारच होते. आईने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो पाहिला. बराच वेळ. बोटाने पडदा पुसला.

"रहने दो," म्हणाली. "ऐसे ही निकाल दो."

"ऐसे?"

"हव. साड़ी में तो सब दिखती हैं."

माझ्याकडे बघितलं नाही. मीही दुसरीकडे बघितलं. शिष्टाचार.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

बारावीचे वर्ग रिकामे. आता ती मुलं थेट बोर्डाच्या परीक्षेला. बाकावर कोणीतरी माझं चित्र काढून ठेवलंय, अंबाडा बरोबर जमलाय. पुसायला सांगितलं नाही. पुढच्या सत्राला येणार का, प्रि.नी विचारलं. बसचं आधी बघा म्हटलं. येणार आहे, पण इतक्यात कळायला नको.

२० फेब्रुवारी, बुधवार

खिलेश्वरी घरी आली, परीक्षेआधी निबंध दाखवायला. वहिनीने पोहे दिले, तिने न लाजता खाल्ले. अॅग्रिकल्चरचा अर्ज? बाबूजी अजून हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.

मग निबंधात डोकं घालूनच म्हणाली, "मम्मी ने फोटो भेज दी. एप्रन वाली."

"मग? काय म्हणाले ते?"

"बुआ का फोन आया था. पूछ रहे थे, लड़की कहीं नौकरी करती है क्या."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी. "मग तुझी आई काय बोलली बाई?"

"मम्मी ने बोला, करेगी."

त्यावर स्थळाकडून अजून निरोप नाही. तिने निबंध पुढे सरकवला. दुसऱ्या परिच्छेदात दोन वाक्यं उगाच जोडली होती; तोडून दिली.