अर्थिंगचा खड्डा

४ मार्च
आले एकदाची. भद्रावतीहून चंद्रपूर, तिथून गडचिरोली, पुढे आणखी एक बस, आणि सगळा वेळ मांडीवर बाबांचा जुना कॉम्प्युटर. कंडक्टरने दोनदा विचारलं यात काय आहे, तिसऱ्यांदा म्हणाला, याचं अर्धं तिकीट लावू का. घर मस्त आहे. गावाच्या टोकाला दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात मोठा मोह. घरमालक गुणवंतराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, त्यांनी स्वतः चहा पाठवला.

काम घरूनच करायचं. वनजमिनीचे दोनशे दावे महिनाअखेरीपर्यंत ऑनलाइन भरायचे. झाले तर वर्षभर नोकरी, नाहीतर परत भावाच्या क्वार्टरमध्ये वहिनीचे टोमणे खायचे.

गावभर बाया मोहफुलं वेचतायत, पण माझ्या अंगणातला सडा तसाच पडून. शेजारच्या अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, या झाडाखालचं कोणी वेचत नाही. मी टोपलीभर वेचली.

७ मार्च
कॉम्प्युटर मधेच बंद पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. अर्धा फॉर्म भरला की गेला. बाबांनी शिकवलेले सगळे उपाय झाले. रॅम काढून खोडरबराने घासली, पंख्यातली धूळ झटकली, प्रोसेसरला नवी पेस्ट लावली, शेवटी विंडोजही नव्याने टाकलं. तासभर नीट चालला आणि ये रे माझ्या मागल्या. त्याच्या पत्र्याच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. सात दावे झालेत फक्त. मी हात टेकले.

१० मार्च
लोकेश नावाचा इलेक्ट्रिशियन आला. टेस्टर लावला आणि हसला. घराला अर्थिंगच नाही. अंगणात खड्डा करून तांब्याची प्लेट पुरायची, वर कोळसा आणि मीठ. मोहाखाली ओल असते म्हणून तिथे खणायला लागला. हातभर गेला आणि पहार दगडावर आपटली. लांबट, उभट घडणीचा दगड, आडवा पाडून वरून माती टाकलेली. लोकेशने पहार ठेवून दिली.

"हा उभा असते बाई, कोनीतरी पाडला. याच्याखाली माणूस आहे. मी नाई खनत."

आणि पिशवी उचलून गेलासुद्धा. मला इतका राग आला. शिकलेला माणूस, रोज विजेशी खेळतो, आणि दगडाला भितो.

११ मार्च
गुणवंतरावांनी मजूर पाठवला. दगड काढला, दोन हात खोल प्लेट गेली, तिची तार घरात आली. गुणवंतराव म्हणाले, दगडाचं बाहेर बोलायचं नाही. मी तो नळाजवळ लावून घेतला, धुण्याला छान झाला.

१४ मार्च
तीन दिवसांत एकदाही बंद पडला नाही! काल एकतीस दावे झाले. लोकेश दिसला तर त्याला पेढा देणार आहे.

१७ मार्च
जंगू मडावी आले होते. म्हातारे, सावकाश बोलणारे. दावा क्रमांक एकशे त्रेचाळीस त्यांचा. मागचं शेत आणि हे अंगण, सगळं त्यांच्या आज्यापासूनचं. कागद नाही. पुरावा एकच, आज्याला जिथे पुरलं तिथला दगड. पाहणीला आलेल्यांना तो दिसला नाही. दगड मिळाला तर जमीन राहील, नाहीतर गुणवंतरावांच्या घशात जाईल.

"मोहाखाली होता. तुमाले दिसला काय बाई?"

ते नळाजवळच उभे होते. दगडावर माझी ओली चादर होती. मी नाही म्हटलं.

"बरं. तुमी नवीन आहा, तुमाले काय माहीत."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते गेल्यावर त्यांच्या फॉर्मात मी लिहिलं, प्रत्यक्ष पुरावा आढळला नाही. कॉम्प्युटर बंद पडला.

१९ मार्च
बाकी सगळे दावे नीट जातात. फक्त हाच जात नाही. आज पाच वेळा. बंद पडून सुरू झाला की फॉर्म आपोआप उघडलेला असतो, आणि पुराव्याच्या रकान्यात एक शब्द. आहे.
मी टाइप केलेला नाही.

२१ मार्च
आज रकान्यात जास्त होतं. आहे. मोहाखाली, दोन हात खोल. छातीवर तांब्याची प्लेट.
सकाळपासून माझ्या छातीवर गार लागतंय. चौकोनी.

२२ मार्च
लोकेशच्या हातापाया पडले. फाटकाच्या आत आला, अर्थिंगच्या तारेला टेस्टर धरला, पांढरा पडला. म्हणाला करंट खाली जात नाही, खालून वर येऊन राह्यला. दगड होता तिथं उभा करा.
गुणवंतरावांना सांगितलं. म्हणाले दगड उभा राहिला तर त्याच दिवशी गाठोडं उचलायचं, नोकरीचंही मी बघतो. मग त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरून दावा पाठवला. पुरावा नाही.
बटण दाबणारं बोट माझं होतं. मी भित्री आहे, दुसरं काय.

२५ मार्च
दावा अमान्य. अन्नपूर्णाबाई सांगत होत्या, जंगूभाऊ दिवसभर बांधावर बसून आहेत, पाणीसुद्धा घेतलं नाही. मी चहा केला आणि ओतून दिला.

२६ मार्च
प्लग काढला. चालूच.
बंद. सुरू. बंद. सुरू.
नळाला हात लावता येत नाही, चटका बसतो. श्वास पुरत नाही—

२७ मार्च, दुपार
नोकरी गेली खड्ड्यात. दगड ओढत मोहाखाली आणलाय. उभा करणार. जंगूभाऊंना बोलवायला अन्नपूर्णाबाई गेल्यात. मी खरं सांगणार आहे, सगळ्यांसमोर.
आधी प्लेट काढते.

खणलं. खड्ड्यात बसूनच लिहितेय, उठवत नाही. कोळसा आहे, मीठ आहे. प्लेट नाही.
तार माझ्याकडे—

घरात कॉम्प्युटरचा पंखा फिरल्याचा आवाज. सुरू झाला.
उघड्या दारातून स्क्रीन दिसतो. इतक्या लांबून वाचता येऊ नये, पण येतंय. एकशे त्रेचाळीस.
पुरावा आहे. मोहाखाली, दोन हात खोल. बाई. छातीवर तांब्याची प्लेट. हातात वही, आणि