गालातला पांढरा चट्टा

आई, गेल्या महिन्यात रत्नागिरीत माझ्या दवाखान्याची पाटी लागली. नावापुढे एम.बी.बी.एस., एम.एस., एम.सीएच. आणि खाली 'तोंड, जबडा, मान व थायरॉइडच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया'. मांडवीच्या किनाऱ्यावर फिरून येताना बाबा तिच्यासमोर थांबतात आणि रोज सगळं वाचतात. तू असतीस तर एवढी अक्षरं कशाला, असं विचारलं असतंस.

मी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलेली. तू कॅनिंगच्या कारखान्यातून आंबे कापून आली आहेस, हात कोपरापर्यंत पिवळे. स्वयंपाकघरात टेकून म्हणतेस, "बाय गो, जरा बघ. तिखट लागलं की गाल झोंबतो." मी मोबाइलच्या उजेडात बघते. दात मिश्रीने काळवंडलेले, आणि गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा. तोंडाचे आजार आम्हाला अजून शिकवलेही नव्हते, पण मी ऐटीत सांगितलं की जीवनसत्त्व कमी पडलंय, आणि गोळ्या आणून दिल्या. तू शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगितलंस, आमच्या डॉक्टरनं बघितलंय. दिवाळीनंतर गाठ आली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी रागावून विचारलं, इतके महिने कुणालाच कसं दाखवलं नाही? मी तिथेच उभी होते. माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "नाय दाखवलं. माझंच दुर्लक्ष झालं." परतीच्या एसटीत आपण त्यावर एक शब्द बोललो नाही. नंतरही नाही. आणि पुढचा मे तू पाहिला नाहीस.

मी शिकत राहिले. सर्जरीची तीन वर्षं, मग कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची आणखी तीन. आधी कितीतरी दिवस नुसती जखम ताणून धरायची आणि मोठे डॉक्टर काय करतात ते बघायचं. मग गालातली गाठ काढून तिथे छातीची कातडी वळवून कशी लावायची, ते शिकले. जिची शस्त्रक्रिया मी पहिल्यांदा एकटीने केली, ती बाई काही दिवसांनी वाटीने पेज प्यायली, तेव्हा जिन्यात जाऊन रडले. हाच विषय का निवडला, असं मुलाखतीत विचारलं होतं. म्हटलं, कोकणात याचे डॉक्टर कमी आहेत. ते खोटं नव्हतं.

परवा पालीहून एक बाई आली, नर्सिंग शिकणाऱ्या मुलीबरोबर. तपासून झाल्यावर आईला बाहेर बसवून मुलगी दाराशी घुटमळली. म्हणाली, तिच्या तोंडातला चट्टा मी तीन महिन्यांपूर्वीच बघितला होता, मला कळायला हवं होतं ना? मी तिला खुर्चीत बसवलं. "तुझी चूक नाही. अजून उपचार होण्यासारखे आहेत, आपण करू." ती गेल्यावर पुढच्या पेशंटला मला लवकर बोलवताच येईना.

हे लिहिलेलं सगळं बाबांना वाचून दाखवावं म्हणून आत्ता त्यांच्या खोलीपर्यंत गेले होते. ते पेपर वाचत होते. चहा हवा का, एवढंच विचारून परत आले. त्या मुलीला मी जे म्हटलं, ते तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं राहून गेलं, आई.