वाटणाऱ्याचा वाटा

३ मे १९७१, सोमवार. कुमासी, पोलीस लाइन.
आजपासून रोज लिहायचं. दंडावर फीत येणाऱ्या माणसाला लिहायची सवय हवी. बढतीची परीक्षा पंधराला. कायद्याची रोज पाच पानं, म्हणजे पुस्तक सहज पार. फीत आली की गावाकडे अतांपोकाचा बाप पोरगी देणार. साध्या शिपायाला देत नाही म्हणतो.

५ मे
एक पान झालं. शब्द फार लांब आहेत. सार्जंट बोआतेंगसाहेबांनी त्यांचा युनिफॉर्म माझ्याकडे इस्त्रीला दिला. तुझ्यासारखी घडी अख्ख्या लाइनीत कुणाची नाही म्हणाले. जवळच्या माणसालाच देतात कपडे.

९ मे
शेजारच्या खाटेवरचा टेट्टे मोठ्यानं वाचतो, त्यामुळे माझा अभ्यास होत नाही. हळू वाच म्हटलं. तर म्हणाला, अरे आयिने, नुसतं ऐकत पडलास तरी पास होशील की रे. मी चौथी शिकलोय. ऐकून शिकायची वेळ आलेली नाही.

१५ मे
परीक्षा झाली. प्रश्न सहा, मी दोन लिहिले, पण अक्षर असं काढलं की बघत राहावं. टेट्टेनं विचारलं, अटक करताना काय सांगायचं ते लिहिलंस का? म्हटलं, मी अटक करतो, लिहीत बसत नाही.

२४ मे, सोमवार
सार्जंटसाहेबांनी बोलावलं. शनिवारी बढतीच्या परेडला तू पुढे, मोठ्या साहेबांच्या शेजारी उभं राहायचंस, बुटात तोंड दिसलं पाहिजे म्हणाले. कशासाठी ते मी विचारलं नाही. शहाण्याला इशारा पुरे. दुपारीच गावाकडे, बोल्गाला जाणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर घरी निरोप धाडला: फीत मिळाली, काकांना पाठवा. मिळणार आहे असं सांगितलं तर कोण कशाला येईल?

२७ मे
यादी लागली. टेट्टे बघायला चल म्हणाला. ज्यांना खात्री नसते त्यांनी याद्या बघाव्यात. मी बूट घासत बसलो. तो परत आला. त्याचं नाव आहे म्हणे. पुढे माझं काहीतरी सांगायला लागला, तेव्हा मी ब्रश जोरात चालवला.

२८ मे
आदोंगोकाका आले. दोन दिवस ट्रकमध्ये, काखेत पांढरा कोंबडा. अतांपोकाच्या बापानं दिलाय. स्वतःच्या डोळ्यांनी फीत बघ, असली तर कोंबडा पोराच्या दारात सोड म्हणजे सोयरीक पक्की, नसली तर परत आण, असं बजावलंय. काका म्हणाले, आधीच सोडणार होतो, पण शब्द दिलाय.

२९ मे, शनिवार
परेड झाली. माझ्या हातात ट्रे दिला. निळं कापड, त्यावर नऊ फिती. साहेब एकेक उचलत गेले, मी त्यांच्याबरोबर सरकत गेलो. चौथी टेट्टेची. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी नुसतं कापड उरलं. सार्जंटसाहेब म्हणाले, ट्रे जरासुद्धा हलला नाही, शाबास.
कुंपणापलीकडून काकांनी सगळं पाहिलं. फार खूश. नऊ जणांना तूच वाटल्यास ना पोरा, म्हणाले. मी हो म्हटलं.

३० मे
काका गेले. ट्रकवर चढण्याआधी माझा दंड चाचपला. म्हणाले, आपल्याकडे मटण वाटणारा आपला वाटा शेवटी उचलतो, तू कधी उचलतोस म्हणून मैदान मोकळं होईपर्यंत थांबलो होतो. मी म्हटलं, माझी फीत शिवायला शिंप्याकडे टाकलीय. बरं, म्हणाले.
ट्रक सुटला तेव्हा कोंबडा त्यांच्या मांडीवर होता.