मोहनाला गढूळ कशानं?

१२ जाने., सोम.
विरळणी सुरू झाली एकदाची. तलावाच्या वरच्या सागवनात, बोरनाल्याच्या दोन्ही अंगांना, वाकडी आणि रोगट झाडं काढून चांगल्यांना मोकळी जागा द्यायची. वनखातं म्हणतं, जंगलाला बरं. आमचे पाणीवाले म्हणतात, माती सुटेल आणि तलावात येईल, अर्धं शहर तेच पितं. मध्ये मी, बाटल्या घेऊन.
हिशेब सोपा आहे. बो. (बोरनाला) तोडीतून वाहतो. मो. (मोहनाला) टेकडीपलीकडचा, तिथल्या झाडांना हात लावायचा नाही, तो फक्त तुलनेला. दोन्ही शेवटी तलावातच. बो. गढूळला आणि मो. नितळ राहिला, तर दोष तोडीचा. ६ फेब्रुवारीला मी मत द्यायचं, तलावाच्या अगदी काठावरच्या चढाची तोड करू द्यायची की थांबवायची.
मजुरांच्या टोळीचा तळ बोरनाल्याकाठीच, म्होरकी शेवंताबाई. पन्नाशीची असेल, कमरेला कोयता. तिला बजावून आले, बोरनाल्यात बैल घालू नका, आंघोळी, कपडे काही नको, शहराचं प्यायचं पाणी आहे. "बरं ताई," म्हणाली. वाद नाही, कुरकुर नाही. मला वाटलं होतं भांडेल.

१९ जाने., सोम.
बो. स्वच्छ. मो. गढूळ.
पुन्हा लिहिते, कारण मलाच खरं वाटत नाही. जिथं तोड चालली आहे तिथलं पाणी काचेसारखं, आणि जिथं काडीही हलली नाही तिथलं चहासारखं. पाऊस नाही, वारा नाही. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या उलट लावल्या असणार. मी म्हणजे ना.

२२ जाने., गुरु.
चिठ्ठ्या नव्हत्या उलट. आज पुलावर उभी राहून स्वतः भरलं मो. चं पाणी, चिठ्ठी तिथेच लावली. गढूळच. गढूळपणा मोजायचा मीटर बिघडला असेल म्हणून लॅबमधला दुसरा मागून आणला, तोही तेच बोलतो. म्हणजे मीटर शहाणे आणि मी वेडी.
वनरक्षक रामटेकेंना विचारलं. "डुक्करं लोळत असतीन, मॅडम." इतकी डुकरं?

२८ जाने., बुध.
काल अवकाळी झाला, बोराएवढ्या गारा. सकाळी धावत गेले, आता तरी बो. चं खरं रूप दिसेल म्हणून. दिसलं. थोडा मळला आणि दुपारपर्यंत निवळला. मो. मात्र नुसता चिखल.
ऑफिसात आमचे साहेब खूश. आलेख भिंतीवर लावला. "बघा, तोड केलेला नाला न केलेल्यापेक्षा चांगला! आता वनखात्याशी भांडणच नको." मी म्हटलं, सर, हे उफराटं आहे. ते म्हणाले, उफराटं तुमच्या डोक्यात आहे, आकडे सरळ आहेत.
घरी विजयला सांगितलं. मिहानमधल्या कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस, जेवताना एवढंच म्हणाला, "आपल्याकडे आर.ओ. आहे ना?" याच्याशी लग्न कोणी केलं?

२ फेब्रु., सोम.
पुस्तकं काढली. मातीचा प्रकार, उतार, वाळवी, सगळं वाचलं. उत्तर नाही. विरळणीनं पाणी सुधारतं असं कुठंतरी असेलही, पण न केलेल्या बाजूचं बिघडतं असं कुठंच नाही. रोज पुलावरूनच बाटली भरते, डांबरी रस्ता आहे म्हणून. वर चालत कधी गेलेच नाही. बुधवारी जायचं.

४ फेब्रु., बुध.
गेले.
मो. च्या काठाकाठानं वर चढले. पहिलं वळण, काही नाही. दुसऱ्या वळणावर धूर दिसला. मग झोपड्या, वाळत घातलेली लुगडी आणि नाल्यात उभे बैल. एक पोरगी बैलाची पाठ घासत होती. अख्खी टोळी. शेवंताबाई चुलीशी.
मी ओरडलेच, तुम्ही इथं कशा?
"तुमीच तं म्हनल्या ना ताई, बोरनाल्यात उतरू नोका, शहराचं पानी हाय. दुसऱ्याच दिवशी तळ हलवला. एकही बैल नाई जाऊ देल्ला तिकडं. विचारा कोनाले!"
चेहऱ्यावर अभिमान होता. शाबासकीची वाट पाहत होती, खरंच. रोज टेकडी ओलांडून कामाला जातात, सरपणाचे भारे घेऊन परत येतात. माझ्या एका वाक्यासाठी.
हाही नाला त्याच तलावात जातो, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मला ते इतकं उघड होतं की सांगायचं सुचलंच नाही.
तिनं चहा दिला. पाणी कुठलं, विचारलं. "हेच. लुगड्यातून गाळून घेतो." बैलांच्या खालचं. स्वच्छ पाणी शहरासाठी सोडलं आणि हे पितात. सुनेचं पोट आठवडाभर बिघडलेलं, म्हणे थंडीनं. चहा प्याले. नाही कसं म्हणणार होते? वाटभर शरमेनं मेले.
परतताना रामटेकेंवर भडकले, तुम्हाला तळ हलल्याचं माहीत होतं?
"होतं ना. पन तुमी पानी काहून गढूळ ते विचारलं, तळ कुठी हाय ते नाई विचारलं."


५ फेब्रु., गुरु.
साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, डोक्याला हात लावतील. उलट मोकळे झाले. "मग सोपंच आहे. लिहा, गढूळपणा मजुरांमुळे, विरळणीमुळे नाही. टोळी काढून दुसरी आणू. काठावरची तोडही होऊन जाईल."
यातला एक शब्द खोटा नाही. मजुरांमुळेच गढूळ आहे. तरी हे लिहिलं तर मी माणूस राहणार नाही असं वाटतं.
आणि विरळणीमुळे नाही, हे तरी मला कुठं ठाऊक? बो. स्वच्छ राहिला तो तोड निरुपद्रवी म्हणून, की माणसं आणि बैल तिथून उठले म्हणून? काठाच्या चढावर माणसं लागणारच, ती कुठं उठून जाणार? तुलनेचा नालाच राहिला नाही, तर सगळे आकडे फुकट. थांबवा म्हणावं, तर टोळीचं काम जातं. करू द्या म्हणावं, तर उद्या तलाव गढूळला की मी कुठं तोंड लपवू? वेळ वाढवून मागितला. "उद्या म्हणजे उद्या."
मनीषनगरला घरी येईपर्यंत गाडीत एकटीच बडबडत आले. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघत होता.

६ फेब्रु., शुक्र.
सकाळी ऑफिसला जायचं सोडून जंगलात गेले. निदान एक गोष्ट तरी नीट करावी म्हणून. शेवंताबाईला म्हटलं, हे पाणी पिऊ नका. बोरनाल्याला या, तोडीच्या वरच्या अंगाला, तिथं भरा. सुनेला दवाखान्यात घेऊन जाते मी.
ती हलेना. "आन् शहरातले लोक? थे काय पितीन?"
मी म्हटलं, शहराचं नका बघू. तिथं मोठं यंत्र आहे, तुरटी टाकतात, गाळतात, औषध घालतात, मग नळाला सोडतात. थोडी माती गेली तरी निघते. माती जास्त झाली की त्रास, एवढंच.
ती रागावली असती तर बरं झालं असतं.
"म्हन्जे तुमच्याकडं साफ कराची मशीन हाय?"
हो.
"मंग आमालेच काहून हाकललं वं ताई?"
सून सामान घेऊन गाडीपाशी उभी होती. फोनवर साहेब, मत कुठं आहे म्हणून. येतेय म्हटलं. काय घेऊन येतेय, ते मला अजून माहीत नाही.